मोडीत काढण्यापूर्वी

२२ मे १९९७ रोजी पहाटे सव्वाचारच्या सुमारास जबलपूरला भूकंप झाला. त्याची तीव्रता ५.८ होती. मी त्या वेळी केंद्र सरकारच्या तेथील एका कार्यालयात कनिष्ठ अधिकारी होतो आणि घमापुरात भाड्याच्या घरात राहत होतो. शहरातून रांझी-खमरियाकडे जाणाऱ्या रस्त्यावरची ही दाट वस्ती. सकाळ-संध्याकाळ कारखान्यांच्या पाळ्यांना जाणाऱ्या सायकलींनी रस्ता भरून जाई. त्या पहाटे मात्र सारी गल्ली अंथरुणांसह रस्त्यावर बसली होती.

सकाळी कार्यालयात गेलो. भिंतींना तडे गेले होते, पण इमारत उभी होती. संगणक कक्षातील एक लोखंडी कपाट आडवे झाले होते आणि त्यातील चुंबकीय टेपची गोल रिळे जमिनीवर पसरली होती. आमच्या वरिष्ठांनी एकच प्रश्न विचारला, ''यांची दुसरी प्रत कुठे आहे?'' दुसरी प्रत होती. ती त्याच कपाटाच्या खालच्या कप्प्यात होती.

त्या प्रश्नातून जुना संगणक आणि त्याची टेप ड्राइव्ह बदलण्याचा प्रस्ताव निघाला. त्या कामाची पूर्वतयारी माझ्याकडे आली. ती मी कशी केली आणि तिच्यात काय राहून गेले, हे सांगण्यापूर्वी टेपचा आणि सरकारी दप्तराचा संबंध कसा जुळला, ते थोडे मागे जाऊन पाहिले पाहिजे.

संगणकासाठी चुंबकीय टेपचा व्यावहारिक उपयोग १९५१ मध्ये सुरू झाला. अमेरिकेच्या जनगणना खात्याने घेतलेल्या युनिव्हॅक या संगणकाला धातूच्या पट्टीची टेप होती. म्हणजे टेपचे पहिले मोठे गिऱ्हाईक प्रशासन हेच होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १९५२ मध्ये आयबीएमने प्लॅस्टिकच्या पट्टीवर लोहभस्माचा थर दिलेली टेप आणि तिची ड्राइव्ह बाजारात आणली. पुढे रूढ झालेल्या रिळाची पट्टी अर्धा इंच रुंद आणि २४०० फूट लांब असे. एका इंचात १६०० अक्षरे या घनतेने अशा एका रिळावर ८० अक्षरांच्या काही लाख छिद्रित कार्डांचा मजकूर मावे. ज्या कार्डांना पूर्वी खोल्याच्या खोल्या लागत, ती एका माणसाच्या काखेत आली.

भारतात कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५ च्या सुमारास पहिला संगणक आला. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः बांधलेला टिफ्रॅक १९६० मध्ये पूर्ण झाला आणि १९६४ मध्ये तेथेच सीडीसी ३६०० हा त्या काळातील मोठा संगणक बसला. कार्यालयीन कामासाठीचा आयबीएम १४०१ हा संगणक मुंबईच्या एस्सो कंपनीत १९६१ मध्ये आला. त्याच दशकात रेल्वेने पगार, वाहतुकीचे हिशेब आणि भांडारासाठी ही यंत्रे घेतली. जबलपूर विभाग तेव्हा मध्य रेल्वेत होता आणि त्या रेल्वेचे मुख्यालय मुंबईला होते. जबलपूर स्वतंत्र क्षेत्रीय रेल्वेचे मुख्यालय झाले ते १ एप्रिल २००३ रोजी, पश्चिम मध्य रेल्वेच्या स्थापनेनंतर.

या यंत्रांना विरोधही झाला. आयुर्विमा महामंडळाच्या कलकत्त्यातील इलाको हाउस या इमारतीत संगणक बसू नये म्हणून कर्मचाऱ्यांनी दीर्घकाळ पहारा दिला. १९६९ मध्ये भारत सरकारने स्वयंचलनाच्या प्रश्नावर एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्रा. वि. म. दांडेकर होते आणि समितीचा अहवाल १९७२ मध्ये आला. अर्थशास्त्राच्या माझ्या पिढीतील विद्यार्थ्यांना दांडेकर हे रथांसह केलेल्या दारिद्र्याच्या अभ्यासामुळे परिचित. संगणकाच्या इतिहासातही त्यांचे नाव येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

त्या वादाचा सारा रोख रोजगारावर होता. माणसाच्या जागी यंत्र आले तर माणसाचे काय, हा तेव्हाचा प्रश्न, आणि तो रास्तच होता. परंतु यंत्राच्या जागी दुसरे यंत्र आले तर पहिल्या यंत्राच्या पोटातील नोंदींचे काय, हा प्रश्न त्या गदारोळात कोणाच्या फारसा मनात आला नाही. तो फार लवकर समोर येणार होता. परकीय चलन नियमन कायदा १९७३ मध्ये झाला, त्यातील भागभांडवलाच्या अटी आयबीएमने मान्य केल्या नाहीत आणि १९७८ मध्ये ती कंपनी भारतातून गेली. देशभरातील तिच्या यंत्रांची देखभाल १९७५ मध्ये स्थापन झालेल्या सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली. सीएमसीच्या अभियंत्यांनी ती यंत्रे पुढे वर्षानुवर्षे चालू ठेवली. आपल्या प्रशासनाच्या इतिहासात या कामगिरीला पुरेसे श्रेय मिळालेले नाही. यंत्र चालू ठेवणे याचा अर्थ जुने लेखन वाचता येत राहणे असा होता.

आता टेप ड्राइव्ह म्हणजे काय, ते समजून घेऊ. टेप ही वही आहे आणि ड्राइव्ह हा एकाच वेळी लेखनिक आणि वाचक आहे. पट्टी एका लहान चुंबकीय शीर्षावरून, म्हणजे हेडवरून, सरकते. हेड तिच्यावर समांतर ओळींत खुणा उमटवते किंवा उमटलेल्या खुणा वाचते. हे हेड पट्टीच्या प्रवासाशी अगदी काटकोनात असावे लागते. वापराने ते किंचित तिरपे झाले, तर एक चमत्कारिक गोष्ट घडते. ती ड्राइव्ह स्वतः लिहिलेले बिनचूक वाचते, कारण लिहिताना जो तिरकेपणा असतो तोच वाचताना असतो. दुसरी निर्दोष ड्राइव्ह मात्र तेच रीळ वाचताना अडखळते. आपल्या जुन्या कचेऱ्यांत एखाद्या बड्या बाबूचे अक्षर त्यांचे त्यांनाच लागे, तसे हे आहे. असे बाबू निवृत्त होण्यापूर्वी त्यांच्याकडून सर्व नोंदी वाचून घ्याव्या लागत. ड्राइव्ह निवृत्त करतानाही तेच करायचे असते.

त्या रिळांची आणखी एक गोष्ट मला फार आवडे. रिळाच्या पाठीमागे एक गोल खाच असे आणि तिच्यात प्लॅस्टिकची कडी बसवता येई. कडी असेल तरच टेपवर लिहिता येई. कडी काढली की ड्राइव्ह ती टेप फक्त वाचे. नोंद पक्की झाल्यावर तिला हात लावू नये, हा दप्तराचा जुना नियम दोन रुपयांच्या कडीत उतरवलेला होता.

तर १९९८ मधील आमची तयारी. नव्या संगणकाला काडेपेटीहून थोड्या मोठ्या आकाराच्या डॅट काडतुसांची ड्राइव्ह होती. मोठी रिळे तिच्यात बसण्याचा प्रश्नच नव्हता. मी खोली तयार करून घेतली, अर्थिंग तपासून घेतले, धूळ येणाऱ्या खिडकीला रबरी पट्ट्या लावून घेतल्या. नवी काडतुसे वापरण्यापूर्वी एक दिवस त्याच खोलीच्या तापमानात ठेवली. केबलची जुळणी, साखळीतील प्रत्येक उपकरणाचा वेगळा क्रमांक, साखळीच्या टोकाचा टर्मिनेटर, हे अभियंत्याने मला समजावून सांगितले आणि मी ते उत्साहाने वहीत टिपून घेतले. चालू खात्यांची सारी माहिती जुन्या यंत्रावरून नव्यावर उतरवली. नव्या ड्राइव्हने नव्या काडतुसावर लिहिले आणि स्वतः लिहिलेले वाचून दाखवले. मी संस्थापनेच्या प्रमाणपत्रावर सही केली. जुनी ड्राइव्ह व्हरांड्यात गेली, डेडस्टॉक रजिस्टरमध्ये तिच्यापुढे 'निरुपयोगी' असा शेरा पडला आणि वर्षभरात लिलावात ती भंगाराच्या भावाने गेली. सर्व काही नियमानुसार झाले.

राहून गेले ते एवढेच की मागील बंद वर्षांची रिळे आम्ही उतरवली नव्हती. ती वर्षे 'बंद' होती ना! रिळे कपाटात नीट रचून ठेवली होती. नवे कपाट भिंतीला पक्के केले होते.

सन २००० च्या सुरुवातीला घमापुरात माझ्या शेजारच्या गल्लीत राहणारे एक गृहस्थ संध्याकाळी घरी आले. जबलपुरात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबातले. मी त्यांना काका म्हणत असे. ते आमच्याच कार्यालयाच्या हिशेबात येणारे कर्मचारी होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांच्या भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात चार वर्षांची वर्गणी दिसत नव्हती. मी दुसऱ्या दिवशी चौकशी केली. ती चार वर्षे रिळांवर होती आणि ती रिळे वाचणारे यंत्र आता कार्यालयात नव्हते. एका मित्रकार्यालयात तशीच जुनी ड्राइव्ह होती. तेथे रिळे नेली. तिच्यावर काही भाग वाचता आला, बराचसा आला नाही. जो आला त्यात रकाने कोठे सुरू होतात आणि कोठे संपतात हे सांगणारा कागद कोणाजवळ नव्हता.

काकांकडे दरवर्षी मिळालेल्या वर्गणीच्या स्लिपा पत्र्याच्या पेटीत ठेवलेल्या होत्या. त्या घेऊन ते आले आणि म्हणाले, ''साहेब, माझं काम होईल. स्लिपा आहेत माझ्याकडे. पण सगळ्यांकडे असतील का?''

सगळ्यांकडे नव्हत्या. एका दिवंगत कर्मचाऱ्याच्या पत्नीकडे एकही स्लिप नव्हती. तिचे कच्चे घर त्याच भूकंपात पडले होते आणि कागद पावसात गेले होते. पगारपत्रकांच्या गठ्ठ्यांतून एकेका महिन्याची कपात शोधून तिचे खाते जुळवायला आम्हांला चौदा महिने लागले. काही महिने शेवटपर्यंत सापडले नाहीत, ते इतर पुराव्यांवरून मान्य करावे लागले. ती दर महिन्याला कार्यालयाच्या बाकावर येऊन बसे. सही माझी होती, हे तिला ठाऊक नव्हते. मला होते.

अर्थशास्त्रात बाह्यपरिणाम नावाची एक कल्पना आहे. व्यवहार दोघांत होतो आणि त्याची किंमत तिसराच मोजतो. टेप ड्राइव्हच्या खरेदीत नेमके असेच घडते. यंत्राची किंमत अंदाजपत्रकाच्या शीर्षाखाली दिसते, तिला मंजुरी लागते, तिच्यावर लेखापरीक्षकाचा आक्षेप येऊ शकतो. जुने लेखन वाचता न येण्याची किंमत कोणत्याच शीर्षाखाली येत नाही. ती बाकावर बसलेल्या बाईकडून वसूल होते.

आमची चूक एकट्याची नव्हती, हे नंतर वाचनातून कळले. अमेरिकेच्या १९६० च्या जनगणनेच्या काही टेप १९७० च्या दशकात तपासल्या गेल्या, तेव्हा त्या ज्या प्रकारच्या ड्राइव्हवर लिहिल्या होत्या तो प्रकारच वापरातून गेला होता. अखेर खटपट करून बहुतेक नोंदी वाचवण्यात यश आले. नासाला हे भाग्य लाभले नाही. अपोलो-११ च्या चंद्रावतरणाच्या मूळ संकेतांच्या टेप बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असा निष्कर्ष तिने २००९ मध्ये जाहीर केला. तेथे यंत्राचा दोष नव्हता. टेपवर काय आहे आणि ते कोणाच्या जबाबदारीत आहे, याची नोंद नव्हती.

मराठी वाचकाला खरे तर इतक्या दूर जाण्याची गरज नाही. ज्या जबलपुरात मी हे शिकलो, तो मुलूख १७८१ मध्ये मराठ्यांकडे आला, १७९८ मध्ये पेशव्यांनी तो नागपूरकर भोसल्यांना दिला आणि १८१७ च्या युद्धानंतर इंग्रजांकडे गेला. त्या काळच्या मराठी कारभाराचे कागद मोडीत असत. मोडी ही वेगाने लिहिण्याची कारकुनी लिपी. शंभर वर्षांपूर्वीपर्यंत ती वाचणारी माणसे गावोगाव होती. छपाईसाठी बाळबोध सोयीची ठरली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळांतून गेली. लिपी बदलण्याचा निर्णय व्यवहार्य असेल, पण त्याची पूर्वतयारी झाली नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात आजही कोट्यवधी कागद आहेत. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, ते केवढे तरी काम होते, पण दप्तराच्या मानाने तो मूठभर भाग. कागद शाबूत आहेत, शाई शाबूत आहे, वाचणारे थोडे उरले. म्हणजे वही आहे आणि ड्राइव्ह नाही. यंत्र 'मोडीत काढणे' हा शब्दप्रयोग करताना मला म्हणूनच दरवेळी ती लिपी आठवते.

पुढच्या नेमणुकांत यंत्र बदलण्याचे प्रसंग अनेकदा आले. त्या वेळी मी जी टिपणी देत असे, तिचा सारांश येथे देतो. आजही तो उपयोगी पडेल.

१. नव्या यंत्राची मागणी करण्यापूर्वी जुन्या टेपची यादी करावी. प्रत्येक टेपवर काय आहे, कोणत्या वर्षाचे आहे, ते कोणाला व केव्हापर्यंत लागेल, हे यादीत असावे.

२. जुन्या ड्राइव्हचे हेड स्वच्छ करून प्रत्येक टेप अथपासून इतिपर्यंत एकदा वाचावी. नमुना म्हणून दोन-चार टेप वाचून समाधान मानू नये. लिहिण्याची कडी किंवा खिटी आधी काढून घ्यावी.

३. 'बंद' वर्षेही नव्या माध्यमावर उतरवावीत. दोन प्रती कराव्यात आणि दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवावी.

४. नोंदींची मांडणी, म्हणजे कोणता रकाना किती अक्षरांचा आणि कोणत्या सांकेतिक पद्धतीने लिहिलेला, हे साध्या कागदावर छापून टेपबरोबर ठेवावे.

५. नव्या ड्राइव्हने स्वतः लिहिलेले वाचले, ही चाचणी पुरेशी मानू नये. जुन्या माहितीची नवी प्रत नव्या ड्राइव्हवर वाचून तिच्या बेरजा जुन्या छापील ताळेबंदाशी जुळवाव्यात. बेरीज जुळेपर्यंत प्रमाणपत्रावर सही करू नये.

६. जुनी ड्राइव्ह चालू स्थितीत किमान एक वार्षिक हिशेब पूर्ण होईपर्यंत ठेवावी. निर्लेखनाच्या प्रस्तावावर 'हिच्यावाचून न वाचता येणारी एकही नोंद उरलेली नाही' असे लेखी प्रमाणपत्र घ्यावे.

यांत सहावा मुद्दा सर्वांत अवघड जातो. भांडारपालाला जागा हवी असते, लेखापरीक्षकाला निरुपयोगी वस्तू का ठेवली हे हवे असते. परंतु कायदा येथे आपल्या बाजूने आहे. सार्वजनिक अभिलेख अधिनियम १९९३ ने संगणकाने निर्माण केलेली सामग्रीही अभिलेखात धरली आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० चे कलम ७ तर नेमके हेच सांगते की विद्युत स्वरूपात जपलेली माहिती पुढील संदर्भासाठी वापरता येईल अशी उपलब्ध राहिली पाहिजे. नुसती जपलेली नव्हे, वापरता येण्याजोगी. १९९८ मध्ये पहिला कायदा अस्तित्वात होता. मी तो वाचला नव्हता.

टेप आता इतिहासजमा झाली असे कोणी समजू नये. जिनिव्हाजवळची सर्न ही संशोधन संस्था आपला प्रचंड विदा टेपवर जपते आणि मोठी माहिती केंद्रेही टेप वापरतात, कारण साठवणुकीचा खर्च कमी येतो. २००० पासून प्रचारात असलेल्या एलटीओ काडतुसांच्या सातव्या पिढीपर्यंतच्या ड्राइव्ह मागच्या दोन पिढ्यांचे लेखन वाचू शकत. २०१७ च्या आठव्या पिढीत ही मर्यादा एका पिढीवर आली. म्हणजे पूर्वी एखादी बदली चुकली तरी सावरता येई, आता तेवढी सवड राहिलेली नाही. संस्थाही बदलतात. जबलपूरचे आयुध कारखाने ज्या मंडळाखाली होते, ते १ ऑक्टोबर २०२१ रोजी संपुष्टात आले आणि कारखाने निरनिराळ्या सरकारी कंपन्यांत विभागले गेले. अशा प्रत्येक विभागणीत हजारो माणसांच्या सेवेच्या नोंदी एका हातातून दुसऱ्या हातात जातात.

सरकारी नोकरीत बदली झाली की आपण कार्यभार सोपवतो. किल्ल्या, रोकड, शिक्के, फायली मोजून देतो आणि घेणारा त्यावर सही करतो. जुन्या ड्राइव्हचा कार्यभारही नव्या ड्राइव्हला असाच मोजून द्यायचा असतो, एवढेच माझे म्हणणे आहे.

काही वर्षांपूर्वी कामानिमित्त जबलपूरला गेलो होतो, तेव्हा घमापुरात चक्कर मारली. काका आता नाहीत. त्यांच्या मुलाने चहा दिला आणि बोलता बोलता ती पत्र्याची पेटी दाखवली. वडिलांच्या स्लिपा त्याने अजून ठेवल्या आहेत. त्यांचा आता उपयोग काय, असे मी विचारले. तो म्हणाला, ''बाबांनी सांगितलं होतं, टाकू नको.''